विंडोज १० वरून ११ वर जावं का? फ्लाइट सिमसाठी विचारतोय, हेडसेटसकट

पट्टी_सत्तावीस

मंडळी, निर्णय होत नाहीये म्हणून धागा काढतोय.

मशीन: रायझेन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर४-३२०० रॅम, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी). एका एनव्हीएमई एसएसडीवर विंडोज आणि सगळी सिम्स, शिवाय ५०० जीबीची एक साटा एसएसडी रिकामी पडून आहे. विंडोज १०, आवृत्ती २२एच२.

सिम्स: मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० (स्टोअरवरचा), एक्स-प्लेन १२, आणि एका जुन्या विमानापायी अजून एफएसएक्स (मायक्रोसॉफ्टचा जुना फ्लाइट सिम्युलेटर एक्स). योक, थ्रॉटल, पेडल तिन्ही सायटेकची. व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट एचपी रिव्हर्ब जी२.

पीसी हेल्थ चेक (मशीनवर ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) लावलं तर उत्तर नकारार्थी आलं: टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी व्यवस्था) नाही, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) नाही. प्रोसेसर मात्र यादीत आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे कधीतरी हलावं लागणार हे कळतंय. पण ११ वर फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात असं एक जण लिहितो आणि घसरतात असं दुसरा. मोठ्या विमानतळावर उतरताना झटके बसतात ते जातील का? आणि करायचंच तर आहे त्यावर अपग्रेड की फॉरमॅट मारून नवं?

---

उजवं_इंजिन

फ्रेम्ससाठी जाणार असाल तर जाऊ नका. तुमच्या प्रोसेसरवर त्यातून हाती काही लागणार नाही.

११ चा शेड्युलर (कुठलं काम कुठल्या कोअरने करायचं ते ठरवणारा भाग) खरा कामाला येतो तो इंटेलच्या १२व्या पिढीपासून पुढे, जिथे एकाच चिपवर मोठे आणि छोटे असे दोन जातींचे कोअर असतात आणि सिमचा मुख्य थ्रेड चुकून छोट्या कोअरवर गेला की वाट लागते. ३६०० चे सहाही कोअर सारखेच. तिथे १० ला जे जमतं तेच ११ ला जमतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रायझेनसाठी ब्रँच प्रेडिक्शनची (पुढे कुठली सूचना येईल या प्रोसेसरच्या अंदाजाची) एक सुधारणा आली, ती ११ च्या २४एच२ आवृत्तीत मुळातच आहे आणि त्याचा थोडा फायदा होतो. पण लँडिंगचे झटके ती घालवणार नाही.

आधी झटके कशामुळे बसतात ते बघा. सिमच्या जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड चालू करा, वरच्या मेनूतून एफपीएस दाखवायला सांगा. कोपऱ्यात एक चौकट येते. तिच्यात ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ आलं तर प्रोसेसर दमलाय, ‘लिमिटेड बाय जीपीयू’ आलं तर कार्ड. ३६०० आणि ३०६० च्या जोडीत मोठ्या विमानतळावर, त्यातही ग्लास कॉकपिट (काट्यांऐवजी पडद्यांवर माहिती दाखवणारं) असलेल्या विमानात, बहुतेक मेनथ्रेडच दिसेल. तसं असेल तर ऑपरेटिंग सिस्टीम बदलून काही होत नाही. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल २०० वरून १०० वर आणा, एआय ट्रॅफिक कमी करा, ग्लास कॉकपिट रिफ्रेश रेट मीडियमवर ठेवा. फरक लगेच दिसेल.

पुढेमागे खर्च करायचाच झाला तर तुमच्याच सॉकेटमध्ये ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी बसतो. ३६०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, या दोघांना ९६. फ्लाइट सिमला कॅश जेवढी मानवते तेवढं दुसरं काही मानवत नाही. त्याआधी तुमच्या मदरबोर्डच्या यादीत तो प्रोसेसर बायॉसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) कुठल्या आवृत्तीपासून चालतो ते तपासा.

---

तळटीप

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण सगळ्यात आधी सांगायला हवी होती ती गोष्ट राहिली: हेडसेट.

रिव्हर्ब जी२ विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर चालतो. ती पूर्ण व्यवस्था (पोर्टल, ड्रायव्हर, स्टीमव्हीआर या स्टीमच्या व्हीआर सॉफ्टवेअरचा दुवा) मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ पासून काढून टाकली. बंद करून ठेवली आणि कुठेतरी टिक मारून परत येईल असं नाही, फाइल्सच नाहीत. अपग्रेड झाल्यावर हेडसेट जोडाल तर पोर्टलच उघडणार नाही. २३एच२ वर ते चालायचं, पण होम आणि प्रोसाठी २३एच२ चे सुरक्षा अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ ला थांबले. म्हणजे हेडसेटसाठी मुद्दाम २३एच२ वर जाणं म्हणजे एक जुनं घर सोडून दुसऱ्या जुन्या घरात जाणं.

यावर एक वाट आहे. ओएसिस नावाचा मोफत ड्रायव्हर स्टीमवर मिळतो, त्याने हे हेडसेट पोर्टलशिवाय थेट स्टीमव्हीआरमध्ये चालतात. फक्त एनव्हीडियाच्या कार्डांवर, आणि तुमचं कार्ड एनव्हीडियाचं आहे हे नशीब. तो बसवल्यावर ओपनएक्सआरचा रनटाइम (सिम आणि हेडसेट यांना जोडणारं सॉफ्टवेअर) स्टीमव्हीआरवर वळवायला विसरू नका, नाहीतर फ्लाइट सिम्युलेटर जुन्या रनटाइमला हाका मारत बसेल. मायक्रोसॉफ्टचा किंवा एचपीचा याला पाठिंबा नाही, हे लक्षात घेऊनच त्या वाटेने जा.

दुसरं म्हणजे घाई नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट्स घेता येतात, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. अट दोनच: २२एच२ हवं (तुमचं आहे) आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नोंदणी हवी. सेटिंग्ज > अपडेट अँड सिक्युरिटी > विंडोज अपडेट इथे नोंदणीचा दुवा येतो, आणि सेटिंग्जचा क्लाउड बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. आरटीएक्स कार्डांसाठी विंडोज १० वरचे गेम रेडी ड्रायव्हरही एनव्हीडिया ऑक्टोबर २०२६ पर्यंत देणार आहे. दोन्ही तारखा एकाच महिन्यातल्या, त्यामुळे खरी मुदत तीच धरा.

व्हीआरमध्येच जास्त उडत असाल तर माझं मत: आज आहात तिथेच थांबा, वाढीव अपडेट्सची नोंदणी करा. स्क्रीनवरच उडत असाल तर पुढचे प्रतिसाद वाचा.

---

कोरडी_बॅटरी

पीसी हेल्थ चेकच्या नकाराला घाबरू नका. बी४५० वर टीपीएम असतो, फक्त बायॉसमध्ये बंद असतो. नाव ‘एफटीपीएम’ किंवा ‘एएमडी सीपीयू एफटीपीएम’ असं काहीतरी सापडेल, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेला टीपीएम. सिक्युअर बूट चालू असलाच पाहिजे असंही नाही, मशीन त्याच्या लायकीचं असलं की पुरे. तुमचं विंडोज बहुधा जुन्या लेगसी पद्धतीने बसवलंय, म्हणून तो सापडत नाही. स्टार्टमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडा आणि ‘बायॉस मोड’ची ओळ बघा. ‘लेगसी’ असेल तर डिस्क एमबीआर (पार्टिशन नोंदवायची जुनी पद्धत) आहे, तिची जीपीटी (नवी पद्धत) करावी लागेल.

क्रम महत्त्वाचा आहे, उलटसुलट केला की मशीन बूटच होणार नाही:

१. पूर्ण डिस्कची इमेज बाहेरच्या ड्राइव्हवर. सोडून देण्याची पायरी नाही ही.

२. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. मशीन अडकल्यावर मशीनच्या आतल्या फाइलमधली की कशी वाचणार?

३. बायॉस अपडेट. आधी हे का, ते खाली लिहितो.

४. विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एमबीआर टू जीपीटी’ हे विंडोजमधलंच टूल चालवा. आधी व्हॅलिडेट, ते पास झालं तरच कन्व्हर्ट. दोन्ही वेळा ‘अलाउ फुल ओएस’चा स्विच लागतो, नाहीतर चालू विंडोजमधून ते हात लावू देत नाही. त्या डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असली किंवा एखादं एक्स्टेंडेड असलं की व्हॅलिडेट नापास होतं, कारण ईएफआय (बूटच्या फाइल्सच्या) पार्टिशनला जागा उरत नाही.

५. आता बायॉसमध्ये जाऊन सीएसएम (लेगसी पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद, यूईएफआय (नवी बूट पद्धत) चालू, एफटीपीएम चालू. चौथी पायरी करण्याआधी सीएसएम बंद केलं तर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं दिसेल. घाबरू नका, परत चालू करा आणि मागे या.

६. विंडोज नीट सुरू झालं की हेल्थ चेक पुन्हा.

बायॉस आधी का, तर तुमच्या झटक्यांचा प्रश्न इथेच वाढू शकतो. एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलं की काही रायझेन मशीनवर एफटीपीएम चालू असताना तो मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी बोलायला जातो आणि तेवढा वेळ सगळं मशीन थांबतं. आवाजही घरघरतो. फ्लाइट सिममध्ये हे अप्रोचवर झालं तर माणूस सीनरीला शिव्या घालत बसतो. उपाय अजेसा (बायॉसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ किंवा त्यानंतरच्या बायॉसमध्ये आहे, म्हणजे मे २०२२ च्या आसपासचा किंवा पुढचा. तुमचा त्याहून जुना असेल आणि तसाच एफटीपीएम चालू केलात, तर आत्ता नसलेला झटका विकत घेतलात. दोष मात्र विंडोज ११ च्या माथी जाईल.

बायॉस बदलल्यावर पहिल्या बूटला काळ्या पडद्यावर एक मजकूर येऊ शकतो: एफटीपीएमची रचना बदलली आहे, रीसेट करायला वाय दाबा, तसंच ठेवायला एन. बिटलॉकर नसेल किंवा सस्पेंड करून की हाताशी असेल तर वाय. नाहीतर एन दाबून आधी की शोधा.

---

उजवं_इंजिन

बायॉस अपडेटच्या बाबतीत एक भर. यात निम्मे लोक फसतात.

बायॉस अपडेट केला की आतल्या सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातल्यासारख्या होतात. रॅमचा एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, काही बोर्डांवर डीओसीपी) त्यात उडतो. तुमची ३२०० ची रॅम मुकाट्याने २१३३ किंवा २४०० वर चालायला लागते. कुठलाही इशारा येत नाही, मशीन छान सुरू होतं, ब्राउझर छान चालतो. आणि सिममध्ये जाऊन बघाल तर फ्रेम्स पडलेल्या. रायझेन ३००० मध्ये आतला इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारा दुवा) रॅमच्या घड्याळाला बांधलेला आहे, म्हणून रॅम मंदावली की मेनथ्रेडला थेट फटका बसतो. ‘११ वर गेलो आणि फ्रेम्स गेल्या’ असं लिहिणाऱ्यांना मी आधी एवढंच विचारतो: टास्क मॅनेजर > परफॉर्मन्स > मेमरी इथे स्पीड किती दिसतो? ३२०० दिसला तरच पुढे बोलू.

तीच गत रिसाइजेबल बारची (प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय). आधी चालू होता का ते आत्ताच बघून ठेवा. सोपा मार्ग म्हणजे अपडेटआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो.

---

मंद_वारा

आहे त्यावर अपग्रेड की फॉरमॅट, यावर कोणी बोललं नाही.

तुमच्याकडे रिकामी साटा एसएसडी आहे ना? मग तिसरा पर्याय. एनव्हीएमई तात्पुरती बायॉसमधून बंद करा (किंवा काढा), साटावर विंडोज ११ नवं टाका, मग एनव्हीएमई परत जोडा. काढायची अशासाठी की दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर इन्स्टॉलर कधीकधी बूटची फाइल दुसऱ्याच डिस्कवर ठेवतो, आणि पुढे एक डिस्क काढली की दुसरी मेली. वेगवेगळं केलं की बूट मेनूतून हवं ते निवडा: व्हीआरसाठी १०, स्क्रीनसाठी ११. एफटीपीएम आणि यूईएफआय मात्र लागणारच, तेव्हा कोरडी_बॅटरी यांचा क्रम इथेही तसाच.

एक्स-प्लेनला दोन्हीकडून एकच फोल्डर चालतो. तो रजिस्ट्रीवर (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीवर) अवलंबून नाही, एक्झी फाइलवर डबल क्लिक केलं की सुरू. प्रेफरन्सेसही त्याच्याच आउटपुट फोल्डरमध्ये असतात. फ्लाइट सिम्युलेटर तसा नाही: स्टोअरमधून नव्याने बसवावा लागतो, मग पहिल्या पडद्यावर पॅकेजेसचा मार्ग विचारतो तिथे जुना फोल्डर दाखवा. तो तपासून घेतो आणि शंभरावर जीबी पुन्हा उतरवत नाही. हा फोल्डर आधीच डी ड्राइव्हसारख्या सरळ ठिकाणी हलवला तर उत्तम. यूजरच्या ॲपडेटामध्ये असेल तर नव्या विंडोजमध्ये परवानग्यांची कटकट होते.

नव्याने टाकलेल्या ११ मध्ये दोन गोष्टी आपोआप चालू होतात, त्या आहे त्यावर अपग्रेड केल्यास सहसा होत नाहीत:

कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी. विंडोज सिक्युरिटी > डिव्हाइस सिक्युरिटीत सापडेल. प्रत्येक ड्रायव्हरच्या तपासणीत प्रोसेसरचा थोडा वेळ जातो. झेन २ पासून (तुमच्या ३६०० ची पिढी) यासाठी हार्डवेअरची मदत आहे, त्यामुळे तुमचा तोटा आधीच्या रायझेनइतका नाही, पण मेनथ्रेडला बांधलेल्या सिममध्ये जाणवू शकतो. खेळताना बंद करून नंतर चालू करता येतं असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. मी म्हणेन, त्याच मशीनवर बँकेची कामं करत असाल तर चालूच राहू द्या. दुसरी गोष्ट म्हणजे २४एच२ नंतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने केलेल्या नव्या इन्स्टॉलमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन. की अकाउंटमध्ये जाते, ती एकदा उघडून बघा.

फॉरमॅटआधी: ज्या ॲडऑन्सची नोंदणी ठराविक मशीनपुरती असते ती डीॲक्टिव्हेट करा. एफएसयूआयपीसीची (बटणं आणि लिव्हर सिमला जोडणारं ॲडऑन) की फाइल आणि आयएनआय फाइल कॉपी करा, आयएनआयमध्ये तुमची सगळी बटणं आहेत. एफएसएक्स ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर टाका, नाहीतर ॲडऑनला स्वतःच्याच फाइलमध्ये लिहिता येत नाही. ३२ बिटांचं असल्यामुळे ४ जीबीचं कुंपण ११ वरही तसंच राहतं. त्यासाठी ११ वर जायची आशा नको.

---

पट्टी_सत्तावीस

भरपूर मिळालं, धन्यवाद. एफपीएसची चौकट लावली, मेनथ्रेडच आहे. बायॉसची तारीख २०२० ची निघाली, म्हणजे एफटीपीएमबद्दल वेळीच कळलं. साटावर ११ टाकायचं पक्कं करतोय, १० व्हीआरसाठी राहील.

दोन शंका. सायटेकची उपकरणं नव्या विंडोजमध्ये मध्येच गायब होतात असं ऐकलंय, खरं का? आणि तुलना कशी करू, डोळ्यांवर विश्वास नाही.

---

तळटीप

गायब होतात, पण ११ चा गुन्हा नाही. विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं आणि सायटेकची जुनी उपकरणं नीट उठत नाहीत. १० वर हे तुम्ही कधीतरी बंद केलं असेल आणि विसरला असाल. नव्या विंडोजमध्ये प्रत्येक उपकरण नवं असतं, म्हणून सेटिंगही नवं.

डिव्हाइस मॅनेजर > युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स. प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’ > प्रॉपर्टीज > पॉवर मॅनेजमेंट, ‘वीज वाचवायला हे बंद करण्याची मुभा’ची टिक काढा. मग पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंग्जमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. तरीही गेलं तर रजिस्ट्रीत एनम > यूएसबी खाली सायटेकचं उपकरण शोधा (व्हेंडर क्रमांक ०६ए३ ने सुरू होतं) आणि त्याच्या ‘डिव्हाइस पॅरामीटर्स’मध्ये ‘एन्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट एनेबल्ड’ शून्य करा. हे पोर्टनिहाय असतं: प्लग दुसऱ्या खोबणीत घातला की पुन्हा करावं लागतं. म्हणून कुठली वायर कुठल्या पोर्टला ते ठरवून तिथेच ठेवा, आणि तिन्ही उपकरणं बिनविजेच्या एकाच हबवर लटकवू नका.

अजून एक. नवं उपकरण दिसलं की फ्लाइट सिम्युलेटर त्याला स्वतःचा डिफॉल्ट प्रोफाइल चिकटवतो. मग थ्रॉटलचा अक्ष योकवरच्या एखाद्या लिव्हरलाही जोडला जातो आणि इंजिन आपोआप वरखाली होतं. कंट्रोल्समध्ये प्रत्येक उपकरण उघडून थ्रॉटल, ब्रेक, रडर दोनदा कुठे आलेत का बघा.

---

उजवं_इंजिन

तुलनेचं: एकच विमानतळ, एकच गेट, एकच विमान. लाइव्ह वेदर बंद करून ठरावीक प्रीसेट, वेळ दुपारची, लाइव्ह ट्रॅफिक आणि एआय दोन्ही बंद. लाइव्ह हवामान चालू ठेवून दोन दिवसांची तुलना केलीत तर ढग मोजले, विंडोज नाही. नव्या ड्रायव्हरवर पहिली उड्डाणं मोजू नका, शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तेव्हा तयार होत असतात. दोन्हीकडे ड्रायव्हरची आवृत्ती एकच, पॅकेजेसची डिस्क एकच.

मोजायला कॅपफ्रेमएक्स हे टूल. सरासरी एफपीएसऐवजी सर्वात वाईट १ टक्का फ्रेम्सचा आकडा बघा, झटका तिथे दिसतो. गेटवर दोन मिनिटं थांबून मग ६० सेकंद, तीनदा. दोन विंडोजमधला फरक त्या तीन आकड्यांच्या आपसातल्या फरकाइतकाच असेल तर तो फरक नाही.

आणि पेजफाइल (रॅम पुरली नाही की डिस्कवर वापरली जाणारी जागा) बंद करू नका, ३२ जीबी असली तरी. ‘सिस्टीम मॅनेज्ड’वर सोडा. नव्या विंडोजमध्ये ‘ट्वीक’ म्हणून लोक ती आधी उडवतात आणि मग सिम डेस्कटॉपवर फेकलं की धागे काढतात.

---

कोरडी_बॅटरी

साटावर वेगळं टाकताय म्हणून तुम्हाला लागणार नाही, पण आहे त्यावर अपग्रेड करणाऱ्यांसाठी: परत १० वर जायची मुदत १० दिवस. डिस्क क्लीनअपने ‘विंडोज डॉट ओल्ड’ (जुनं विंडोज ठेवलेला फोल्डर) उडवलं की तीही गेली. त्या १० दिवसांच्या आत डिझम या विंडोजमधल्या कमांड टूलच्या ‘सेट ओएस अनइन्स्टॉल विंडो’ने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. अपग्रेड झाल्या दिवशीच वाढवा. सिममधली खोड पहिल्या आठवड्यात सापडतेच असं नाही.